स्वस्तात चांगले मेकअप ब्रश कसे निवडायचे

चोवीस ब्रशचा सेट, वर पाऊच फुकट, असं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, पण जरा थांबा. त्यातले चार-पाचच वापरले जातात, बाकीचे जवळपास एकाच आकाराचे असतात आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतात. त्यापेक्षा पाच-सहाशे रुपये बाजूला काढा आणि सुटे ब्रश घ्या.

आधी घरी बसून ठरवा काय लागणार आहे. रोजचा मेकअप म्हणजे कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक एवढाच असेल तर एक मोठा फुगीर पावडर ब्रश पुरे. ब्लश लावत असाल तर मध्यम आकाराचा तिरका, डोळ्यांसाठी एक मऊ ब्लेंडिंगचा (रंग पसरवून एकमेकांत मिसळणारा) आणि एक छोटा चपटा, भुवयांसाठी बारीक तिरका, झालं. फाउंडेशनला ओला स्पंज किंवा सरळ बोटं चालतात. पैसे सगळ्यांवर सारखे वाटू नका, ब्लेंडिंगच्या ब्रशवर थोडे जास्त घाला, कारण तो टोचरा असला की पापणीवर आयशॅडोचे नुसते ठिपके पडतात. बारीक लायनरचा मात्र स्वस्तातलाही चालतो.

केस सिंथेटिकच घ्या. शेळीच्या केसांचे ब्रश पावडर छान उचलतात हे खरं, पण क्रीम-लिक्विड पिऊन टाकतात, धुवायला नाजूक असतात, आणि कमी पैशात त्यांचा दर्जा बेभरवशाचा. सिंथेटिक दोन्हीला चालतो आणि लवकर वाळतो.

आता दुकान. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, आणि नाहीतर आपल्या गावातलं बांगड्या-टिकल्यांचं दुकान, कुठेही जा, फक्त ब्रश हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पाकीट बंद असेल तर "दादा, एखादा उघडा दाखवा ना" म्हणा, बहुतेक दाखवतात. मग ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला गोल फिरवा, तिथली कातडी पातळ असते, टोचलं की लगेच कळतं. चिमटीत केस धरून हलकेच ओढा, एखाद-दुसरा सुटला तर ठीक, चार-पाच आले तर परत ठेवा. तळहातावर दाबून सोडा, केस पुन्हा जागेवर आले पाहिजेत. बोटाने केस बाजूला करून मध्येही बघा, बाहेरून गुबगुबीत दिसणारे बरेच ब्रश आतून विरळ असतात. शेवटी केस आणि दांडा जोडणारी पत्र्याची नळी हलवून बघा, आत्ताच डुगडुगत असेल तर पहिल्या धुण्यातच हातात येईल. मॅक या महागड्या मेकअप ब्रँडचं नाव छापलेला ब्रश दीडशे रुपयांत मिळत असेल तर तो मॅकचा नाही, पण या सगळ्यात पास झाला तर ब्रश म्हणून घ्यायचा की नाही ते तुम्ही बघा, नावाचे पैसे तेवढे देऊ नका.

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातही डोकवा. तिथला छोटा चपटा सिंथेटिक ब्रश कन्सीलरला (डाग झाकायच्या क्रीमला) आणि लायनरला मस्त चालतो (अर्थात नवाकोरा, रंगात बुडवलेला नको). मुंगसाच्या केसांचा कोणी दाखवला तर नको म्हणा, 1972च्या वन्यजीव कायद्याखाली तो विकायला बंदी आहे.

ऑनलाइन घेताना पंचतारांकित रिव्ह्यू सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा, त्यातही "धुतल्यावर" काय झालं ते लिहिलेले, आणि वापरणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघा. रिटर्न होतो का ते आधीच बघून ठेवा, अशा वस्तू बरेचदा परत घेत नाहीत.

घरी आणला की वापरायच्या आधी धुवा, बेबी शॅम्पूचा एक थेंब, कोमट पाणी, केस खाली करून, नळीत पाणी शिरू न देता, कारण आतला गोंद सुटला की केस गळायला लागतात. धुताना रंग उतरतोय का तेही बघा, पांढऱ्या टिश्यूवर पुसलं की कळतं. मग टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केस बाहेर लोंबते राहतील असा, कपात उभा करू नका.