रिकॉलचा वर्ग कसा वाचावा: इंदूरच्या नमकीन उद्योगात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांवेर रोडवरील एखाद्या नमकीन कारखान्याच्या गुणवत्ता विभागात रुजू होणाऱ्यांना बॅच नंबर, एचएसीसीपी (अन्नातील धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत) आणि एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न नियामकाचा, परवाना समजावून सांगावा लागत नाही, असे मी धरून चालते. घोडे अडते ते माल अमेरिकेला जाऊ लागल्यावर. तेथील अन्न व औषध नियामक एफडीए रिकॉलचे, म्हणजे बाजारातून परत मागवलेल्या मालाचे, तीन वर्ग करते. पहिल्या वर्गात गंभीर अपाय किंवा मृत्यू ओढवण्याची वाजवी शक्यता असते. दुसऱ्यात तात्पुरता, उपचारांनी बरा होणारा त्रास संभवतो किंवा गंभीर परिणामाची शक्यता फार कमी असते, आणि तिसऱ्यात प्रकृतीला अपाय होण्याचा संभव नसतो. एवढे पाठांतर एका संध्याकाळी होते, पण त्यावर नोकरी निभत नाही.

मला सर्वांत जास्त झुंजवले ते एका गोष्टीने, म्हणून ती विस्ताराने सांगते: दोष डोळ्यांना किती वाईट दिसतो, यावर वर्ग ठरत नाही. जळकट, चुरा झालेली शेव पाहून मालक संतापतो, ग्राहक शिव्या घालतो, परंतु ती खाऊन सहसा कोणी रुग्णालयात जात नाही. याउलट शेव खुसखुशीत आहे, ओलावा आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेलाच्या खवटपणाचे माप) मर्यादेत आहेत, आणि तरीही ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. हिंगाचा डबा हातात घेऊन त्यावरील बारीक अक्षरे वाचा. बाजारातील हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा दुसरा एखादा स्टार्च मिसळलेला असतो, आणि पाकिटावर मात्र बेसन, तेल, मीठ, मसाले एवढेच छापलेले असते. अमेरिकेच्या कायद्यात गहू हा प्रमुख ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा पदार्थ, आहे. शेंगदाणा आहेच, आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळही नववा म्हणून त्या यादीत आला आहे. शेंगदाण्याचा चिवडा भरून झाल्यावर त्याच पॅकिंग मशीनवर शेव भरली, मधली सफाई वरवरची झाली, तर न छापलेल्या शेंगदाण्यामुळे तो माल थेट पहिल्या वर्गात जाऊ शकतो.

कोणी आजारी पडले आहे काय, लहान मुलांसारख्या नाजूक गटांना धोका किती, इजा किती गंभीर आणि किती संभाव्य, परिणाम लगेच की कालांतराने, हे प्रश्न वर्ग ठरवताना विचारले जातात. खोकी किती, हा त्यांत नसतो. त्यामुळे मोजकी खोकी पहिल्या वर्गात आणि केवळ इंग्रजी लेबल नसलेला अख्खा कंटेनर तिसऱ्यात, असे घडू शकते.

‘तळलेल्या पदार्थात जंतू कुठून राहणार?’ हे वाक्य कारखान्यात रोज ऐकू येईल. कढईपुरते ते बरोबर आहे, पण मसाला भुरभुरला जातो तो तळणीनंतर, फिरत्या ड्रममध्ये, आणि कोरड्या मिरचीपुडीत साल्मोनेला हा रोगजंतू वाढत नसला तरी महिनोन्महिने जिवंत राहतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. अंतिम वर्ग तुम्ही ठरवत नाही, तो एफडीए ठरवते, आणि बहुतेक वेळा कंपनीने माल परत मागवायला सुरुवात केल्यानंतर ठरवते. म्हणूनच वर्ग कळेपर्यंत थांबू म्हणणाऱ्या वरिष्ठाचे ऐकू नका. सरावासाठी रिकॉलची यादी देणारा एफडीएचा साप्ताहिक एन्फोर्समेंट रिपोर्ट घ्यावा, वर्गाचा रकाना झाकावा, केवळ कारण वाचून अंदाज बांधावा आणि मग ताडून पाहावे. माझ्या मते कोणत्याही महागड्या प्रमाणपत्र वर्गापेक्षा हे अधिक शिकवते.

आपल्याकडे 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली 2017 चे फूड रिकॉल विनियम आहेत आणि उत्पादकाकडे रिकॉलची योजना तयार असावी लागते. सल्लागारांकडून विकत मिळणाऱ्या तयार फायलींवर माझा काडीचाही विश्वास नाही. त्याऐवजी डिस्पॅचच्या कारकुनाजवळ बसा. कोणत्या बॅचचा माल कोणत्या ट्रकमधून कोणाकडे गेला, हे त्याच्या रजिस्टरात असते, आणि मॉक रिकॉल, म्हणजे रिकॉलची रंगीत तालीम, त्याच रजिस्टरावर उभा राहतो. स्थानिक विक्रीत एक अडचण त्या रजिस्टरानेही सुटत नाही: दुकानदाराने मोठे पाकीट फोडून शेव बरणीत ओतली की बॅच नंबर पाकिटासोबत कचऱ्यात जातो. अशा दुकानांची यादी वेगळी ठेवा, आणि त्या बॅचची शेव बरणीत गेली असण्याचा संभव असेल, तर पाकिटे मोजत न बसता सगळी बरणीच परत मागवा.