कोलेस्टेरॉलची गोळी घेताना या चुका टाळा

'रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?' नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत हा प्रश्न रोजचाच, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ही गोळी म्हणजे स्टॅटिन; ते यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा चढतं. अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय, त्यांनी तर गोळी परस्पर बंद करूच नये, वय 45 असो की 78.

अटॅक न आलेल्यांचं गणित वेगळं. 40 ते 75 या वयात शुगर, बीपी, तंबाखू सगळं धरून डॉक्टर ठरवतात. पंचाहत्तरीनंतर नव्यानं गोळी सुरू करण्याचा फायदा तितका पक्का सिद्ध झालेला नाही, म्हणून शेजारच्या काकांची चिठ्ठी दाखवून आजोबांसाठी मेडिकलमधून गोळ्या आणू नका. तरुणांच्या बाबतीत उलटी चूक होते. एलडीएल 190 च्या वर आणि घरात कुणाला ऐन चाळिशीत अटॅक, असं असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो. नुसतं सावजी सोडून तो आटोक्यात येत नाही. अशा घरातल्या मुलांचीही तपासणी करावी; गरज असेल तर 8-10 व्या वर्षापासूनही औषध देतात. मूल हवं असलेल्या बाईनं मात्र आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण गरोदरपणात ही गोळी बहुधा थांबवतात.

पाय दुखले की गोळीवर खापर फुटतं. लंडनच्या 2020 च्या एका अभ्यासात, स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्यांना औषध नसलेल्या गोळीनंही स्टॅटिनच्या जवळपास 90 टक्के इतका त्रास जाणवला. तरी दुखणं अंगावर काढू नका, डोस किंवा गोळी बदलता येते. मे महिन्यात लघवी गडद झाली की आपण उन्हाला दोष देतो. पण सोबत मांड्या-दंड जबर दुखत असतील, अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. म्हातारपणी, किडनी कमजोर असताना किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असताना गोळीमुळे स्नायूंना इजा होण्याचा हा धोका वाढतो. शुगर थोडी वाढू शकते, मुख्यतः आधीच सीमेवर असलेल्यांची.

आणि संत्री बंद करू नका. ॲटॉरव्हास्टॅटिन या स्टॅटिनसोबत जपायचं ते ग्रेपफ्रूट आणि पपनस. आपलं नागपुरी संत्रं खुशाल खा.