कोरलला (प्रवाळाला) खायला किती द्यायचं – माझा अनुभव

मालवणात माझ्याकडे खाऱ्या पाण्याचा छोटा टँक आहे, त्यात झोअँथिड आणि मशरूम या जातींचे कोरल. आधी रोज भरवायचो, तर मध्यंतरी काचेवर रोज शेवाळ धरायला लागलं, झोअँथिड मिटलेलेच, पाण्याची टेस्ट केली तर नायट्रेट (उरलेल्या अन्नातून पाण्यात साचणारा घटक) 40 ppm च्या वर. या कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं आणि बरंचसं अन्न ते उजेडातून बनवून देतं, त्यामुळे रोज भरवायची गरजच नाही. आता आठवड्यातून एकदा, टँकचा लाइट बंद झाल्यावर पंप पंधरा मिनिटं बंद ठेवून, धुतलेली कोळंबी अगदी बारीक करून ड्रॉपरने चिमूटभर देतो, उरलेलं लगेच ओढून काढतो आणि दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलतो. हळूहळू नायट्रेट उतरलं, सगळे छान फुललेत! सन कोरलची गोष्ट वेगळी, त्यात शैवाल नसतं, त्याला भरवावंच लागतं. आणि कृपा करून आपल्या किनाऱ्यावरचं जिवंत प्रवाळ काढून आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.