झोपलेला बोर्ड अन् गायब पोर्ट

गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायला इएसपी३२-सी३ या प्रोग्राम करता येणाऱ्या वाय-फाय चिपचा छोटा बोर्ड लावलाय. दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून गाढ झोप. प्रोग्राम बदलायला गेलो तर लॅपटॉपवर पोर्टच (यूएसबीने जोडलेला बोर्ड यादीत ज्या नावाने दिसतो ते) नाही! बोर्ड मेला समजून नवा घ्यायला ऐरोलीहून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, निघालो होतो. खरं तर झोपेत या चिपचं यूएसबीही बंद होतं, एवढंच.

१. केबल डेटाची आहे ना, बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने पोर्ट कधीच दिसणार नाही.
२. बूटचं बटण दाबून धरा.
३. तसंच धरून रीसेट एकदा दाबून सोडा, मग बूट सोडा.
४. पोर्ट परत दिसेल. तो पुन्हा निवडा (नंबर बदललेला असू शकतो) आणि अपलोड करा.
५. शेवटी रीसेट दाबा. नाहीतर बोर्ड नव्या प्रोग्रामची वाटच बघत बसतो.

ही कसरत रोज नको असेल तर प्रोग्रामच्या सेटअपमध्ये (जाग आल्यावर आधी एकदा चालणारा भाग) सुरुवातीलाच दहा सेकंदांचा डिले, म्हणजे थांबा, टाका. पण जाग टायमरने आली असेल तर तो वगळायची अट हवीच. मग हाताने रीसेट केल्यावरच बोर्ड थांबेल. अट विसरलात तर दर खेपेला दहा सेकंद फुकट जागरण, आणि बॅटरीचे बारा.

बोर्डावरचा पॉवरचा लाल दिवाही काढून टाका. झोपलेली चिप काही मायक्रोअँपियरवर भागवते, तो दिवा एकटाच तिच्या कितीतरी पट खातो.