जपानला दोघं जाताय? आधी जेवणाच्या वेळा ठरवा, मग गाड्या

जपानच्या सहलीची आखणी बहुतेक जण देवळं, किल्ले आणि बुलेट ट्रेनपासून सुरू करतात आणि जेवण जिथे मिळेल तिथे उरकतात. तिथलं खाणं आणि राहणी जवळून बघायची असेल तर क्रम उलटा हवा. रात्रीचं जेवण कुठे आणि किती वाजता, हे आधी ठरवा. तिथली उत्तम जेवणं लवकर, नेमक्या वेळी आणि आगाऊ सांगूनच मिळतात. दोघांना हा देश फार सोयीचा आहे. आठ-दहा खुर्च्यांच्या काउंटरवर दोन जागा सहज निघतात, चार निघत नाहीत. र्‍योकान म्हणजे पारंपरिक निवासगृहं, तिथल्या खोल्याही बहुतेक दोन माणसं धरूनच आखलेल्या असतात.

पहिल्या खेपेला टोकियो ते हिरोशिमा अशी धावपळ नको. कन्साई विमानतळावर उतरून ओसाकात २ रात्री, कोयासान या मठांच्या डोंगरावर १, क्योतोत ३, किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावी १ आणि परतीच्या आधी पुन्हा ओसाकात १ रात्र पुरते. यासाठी जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा देशभर चालणारा पास, घेऊ नका. २०२३च्या ऑक्टोबरपासून ७ दिवसांचा पास ५०,००० येन झाला, एवढ्या प्रवासात तो वसूल होत नाही. शिवाय कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे त्यात येतही नाही. शहरात बस-मेट्रोसाठी प्रत्येकी एक इकोका कार्ड घ्या. एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन टाळा. त्या दिवसांत सगळा जपानच प्रवासाला निघालेला असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोतली पानगळ सुंदर असते, पण खोल्या कित्येक महिने आधी भरतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला जास्त पटतो. थोडी पानं शिल्लक असतात, गर्दी ओसरलेली असते आणि किनोसाकीत खेकड्याचा हंगाम जोरात असतो.

र्‍योकानचं बुकिंग

दर खोलीचा नसून माणशी असतो, हे आधी तपासा. ‘एक रात्र, दोन जेवणं’ हाच प्रकार निवडा. जेवणाशिवायची खोली स्वस्त दिसते, पण लहान गावात रात्री आठनंतर उघडं हॉटेल सापडणं कठीण. खोली बहुधा दुपारी ३ वाजता मिळते आणि जेवण ६ किंवा साडेसहाला असतं, म्हणून साडेचारपर्यंत पोहोचा. उशीर होणार असेल तर फोन करा. सात वाजून गेल्यावर आलात तर जेवण मिळेलच असं नाही, आणि पैसेही परत येत नाहीत. त्याच दिवशी बुकिंग रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम जाते.

जड बॅगा बरोबर नेऊ नका. ‘ताक्क्युबिन’ सेवेने हॉटेलच्या काउंटरवरून बॅग पुढच्या मुक्कामी पाठवता येते. जवळच्या अंतरावर ती दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि मोठ्या बॅगेला साधारण २,००० ते ३,००० येन पडतात. ओसाकाहून बॅगा थेट क्योतोला पाठवा आणि कोयासानला एका रात्रीची पिशवी न्या. औषधं आणि पासपोर्ट मात्र जवळच ठेवा.

शाकाहारी असाल तर

खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचे पापुद्रे, यांचा हा अर्क मिसो सूपात असतो, नूडल्सच्या रश्शात असतो, उकडलेल्या भाजीत आणि अंड्याच्या गुंडाळीतही असतो. ‘आम्ही शाकाहारी’ एवढंच सांगितलं तर वाढणारी व्यक्ती मासे काढते, दाशी तसाच राहतो. ‘मांस, मासे आणि माशाचा दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि र्‍योकानला बुकिंग करतानाच कळवा. पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो, कारण तोवर दाशी तयार झालेला असतो आणि अर्धे पदार्थ त्यातच शिजलेले असतात.

यावरचा उत्तम उपाय कोयासान. ८१६ साली कुकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेल्या या डोंगरावर पन्नासेक मठांत पाहुण्यांना राहता येतं आणि जेवण शोजिन र्‍योरी पद्धतीचं असतं. त्यात मांस-मासे नाहीत, परंपरेने कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू आणि शिताके मशरूमचा. तिळाचं गोमादोफु आणि गोठवून वाळवलेलं कोयादोफु सावकाश खा, त्यांची चव घाईत कळत नाही. ओसाकातल्या नाम्बाहून गोकुराकुबाशीपर्यंत रेल्वे, तिथून केबल कार आणि पुढे बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी चालायला मनाई आहे. जेवण साडेपाच-सहालाच असतं आणि पहाटेची प्रार्थना सहाच्या सुमारास. गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणून क्योतोपेक्षा एक जाड कपडा जास्त घ्या.

गरम पाण्याचे झरे

किनोसाकी क्योतोहून थेट एक्स्प्रेसने अडीच तासांवर आहे. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि र्‍योकानच्या पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो. युकाता, म्हणजे सुती झगा, आणि गेता, म्हणजे लाकडी खडावा, घालून नदीकाठी एकेका स्नानगृहात जायचं. युकाताची डावी बाजू उजवीवर येऊ द्या. उलटं फक्त मृताला नेसवतात. गोंदण असलेल्यांना पुष्कळ ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत, प्रवेश नसतो, इथल्या सातही ठिकाणी आहे. प्रत्येकाचा आठवड्याचा सुटीचा दिवस वेगळा, तो आधी बघून घ्या.

आत कपडे अजिबात चालत नाहीत. बसक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवा, फेस पूर्ण काढा, मगच कुंडात उतरा. लहान टॉवेल डोक्यावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. लांब केस वर बांधा. पाणी ४० ते ४२ अंश असतं, त्यामुळे पहिल्यांदा पाच-सात मिनिटं पुरे. साके, म्हणजे तांदळाची दारू, पिऊन किंवा भरल्या पोटी लगेच उतरलात तर रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. कुंडातून झटकन उभं राहिल्यानेही तेच होतं. स्त्रिया आणि पुरुष वेगळे असल्याने ‘चाळीस मिनिटांनी दाराशी’ असं आधीच ठरवा, आत फोन काढता येत नाही. एकत्र स्नान करायचं असेल तर ‘काशिकिरी’ कुंड मागा. ते साधारण पाऊण तास फक्त तुमचं असतं, आणि चांगल्या वेळा खोली घेतानाच संपतात. र्‍योकानमध्ये पुरुषांचं आणि स्त्रियांचं कुंड सकाळी अनेकदा बदलतात, म्हणून दारावरचा पडदा रोज वाचा.

काइसेकीच्या पानावर

काइसेकी म्हणजे एकेक पदार्थ क्रमाने वाढलेलं जेवण. आधी छोटा घास, मग स्वच्छ सूप, साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, भाजलेलं, शिजवलेलं, आणि भात, मिसो, लोणचं शेवटी. फळ त्याहून शेवटी. भात आधी मागितला तर पुढचं जात नाही. मेजावर छोटी शेगडी असेल तर ती वाढणारी व्यक्ती पेटवते. ज्योत आपोआप विझेपर्यंत भाताच्या भांड्याचं झाकण उघडू नका, नाहीतर भात कच्चा राहतो. खेकडा खात असाल तर मात्सुबा नर नोव्हेंबर ते मार्च मिळतो. पायाला बंदराचं नाव असलेली प्लॅस्टिकची पट्टी आहे ना, ते बघा. मादी सेको फक्त डिसेंबरअखेरपर्यंत असते. आकाराने लहान, किमतीने बरीच कमी आणि आतल्या अंड्यांमुळे आमच्या मते जास्त रुचकर.

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. जोडीदाराला काही चाखायला द्यायचं तर त्याच्या ताटलीत ठेवा.

शहरातल्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानात दाराजवळच्या यंत्रातून आधी कूपन घ्यावं लागतं. जुनी यंत्रं फक्त १,००० येनची नोट घेतात, तेव्हा सुटे ठेवा. इझाकायात, म्हणजे दारूसोबत छोटे पदार्थ देणाऱ्या खानावळीत, न मागता येणारी छोटी वाटी, म्हणजे ओतोशी, बिलात माणशी ३०० ते ५०० येनने धरलेली असते. ते बसण्याच्या जागेचं शुल्क आहे, वाद घालू नका. टिप कुठेच देत नाहीत. र्‍योकान सोडताना पेयांचे पैसे आणि माणशी १५० येनच्या आसपासचा ओनसेन कर वेगळा भरावा लागतो, तो रोखीत तयार ठेवा.