दूरच्या शोरूममधून नवी गाडी मागवताना: भाडे, कागद आणि जोखीम

हवा तो रंग किंवा हवे ते व्हेरियंट जवळच्या शोरूममध्ये नसते, प्रतीक्षायादी काही महिन्यांची असते, आणि नेमकी तीच गाडी दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे तयार उभी असल्याचे कळते. अशा वेळी बहुतेक जण आधी ट्रेलरचे भाडे विचारतात. माझ्या मते तो प्रश्न शेवटी यावा. गाडी कोणत्या क्षणापासून आपल्या जबाबदारीत येते आणि वाटेत ती कोणाच्या नावावर, कोणत्या कागदांवर प्रवास करते, हे आधी लेखी ठरले पाहिजे. भाड्यात वाचवलेले चार पैसे एका ओरखड्यात जाऊ शकतात.

सर्वप्रथम आपल्याच गावातल्या डीलरला विचारावे की, ती विशिष्ट गाडी तो दुसऱ्या डीलरकडून आपल्या स्टॉकमध्ये घेऊ शकेल का. कंपनीचे धोरण आणि दोन्ही डीलरांची तयारी असेल तर हे जमते. तसे झाल्यास बिल स्थानिक डीलर करतो, गाडी त्याच्या दारात येईपर्यंतची जोखीम त्याची राहते आणि नोंदणीही नेहमीप्रमाणे होते. त्यासाठी त्याने वाहतुकीचा खर्च मागितला तरी तो रास्त आहे का, एवढेच पाहावे. हा मार्ग बंद असेल तरच पुढचा खटाटोप करावा.

गाडी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या शहरातून येणार असेल तर काम सोपे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करता येते, आणि डीलर त्याच राज्यातला असल्यास अर्ज डीलरनेच करायचा असतो. परराज्यातून गाडी आणताना मात्र तात्पुरती नोंदणी करून घ्यावी लागते आणि कायमची नोंदणी आपल्या राज्यात करावी लागते. सिंधुदुर्गातल्या अनेकांना गोव्याच्या नंबराचा मोह होतो, पण गाडी जिथे नेहमी ठेवली जाणार त्या राज्यात ती नोंदवायची, हा नियम आहे. त्यामुळे पणजीत घेतलेल्या गाडीचा कर सावंतवाडीकराने महाराष्ट्राच्या दरानेच भरायचा असतो. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीसाठी हा एकरकमी कर किमतीच्या टप्प्यानुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के आहे. जीएसटी देशभर एकच असल्याने त्यातही बचत नाही. बचत होईल ती डीलरच्या सवलतीत, आणि तिच्यातून वाहतूक वजा करूनच सौदा किफायतशीर आहे का हे ठरवावे.

आता पुण्यातल्या ग्राहकाने बंगळूरूच्या डीलरकडून गाडी घेतली, असे धरून चालू. दरपत्रकात शोरूम किंमत, विमा, तात्पुरत्या नोंदणीचा खर्च आणि वाहतूक हे आकडे वेगवेगळे मागावेत. ‘सगळे मिळून’ असा एकच आकडा आला तर तो परत पाठवावा. कर्नाटकाचा रस्ता कर त्यात चुकून धरलेला नाही ना, हे नीट पाहावे. गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल केलेला आयकर, लागतो, जो पुढे आयकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर धरता येतो. पैसे केवळ डीलर कंपनीच्या बँक खात्यात भरावेत, विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर टोकनची रक्कमसुद्धा पाठवू नये. कर्ज असल्यास परराज्यातल्या त्या डीलरला रक्कम वितरित करण्यास आपली शाखा तयार आहे का, हे बुकिंगच्या आधीच विचारावे, कारण ऐन वेळी गाडे बहुधा इथेच अडते.

पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी त्या विशिष्ट गाडीचा चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना लेखी मिळवावा. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, हे तिन्ही तपशील असतातच, त्यामुळे ते द्यायला डीलरने टाळाटाळ करण्याचे कारण नाही. भरघोस सूट मिळत असेल तर गाडी गेल्या वर्षीची असण्याची शक्यता असते. ते वाईट नव्हे, पण विकत घेणाऱ्याला ते ठाऊक हवे. बंगळूरूत कोणी ओळखीचे असेल तर त्याला दिवसाउजेडी गाडी पाहायला पाठवावे; नसेल तर व्हिडिओ कॉलवर चॅसिसवरचा कोरलेला क्रमांक, ओडोमीटर, चारही टायर आणि काचा दाखवायला सांगाव्यात.

विम्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो, पण वाटेत गाडीचे स्वतःचे नुकसान झाल्यास तो उपयोगी पडत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तिच्या प्रचलित मसुद्यात रस्ता किंवा रेल्वेने नेताना वाहनाला होणारे नुकसान समाविष्ट असते. तरीही आपल्या पॉलिसीत ते कलम वाचून पाहावे आणि विम्याची सुरुवात गाडी शोरूमबाहेर पडण्याच्या आधीची आहे, याची खात्री करावी.

तात्पुरत्या नोंदणीसाठी कायद्याने कमाल सहा महिन्यांची मुदत ठेवली आहे, परंतु प्रमाणपत्रावर छापलेली तारीखच आपल्यासाठी खरी. नोंदणीविना गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्याची डीलरला मुभा नाही. त्यामुळे ‘ट्रेलरवरच जाणार, टीपी (म्हणजे तात्पुरती नोंदणी) कशाला’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

गाडी आणण्याचे दोन मार्ग आहेत. ड्रायव्हर पाठवून चालवत आणणे स्वस्त पडते, मात्र बंगळूरू ते पुणे हे हुबळी, बेळगाव, कोल्हापूरमार्गे सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर ओडोमीटरवर चढते, टोल आपल्या फास्टॅगमधून जातो आणि नव्या इंजिनाचे पहिले काही शे किलोमीटर परक्या माणसाच्या पायाखाली जातात. स्वतः जाऊन आणणार असाल तर गोष्ट वेगळी, आणि हौस असेल तर तोच उत्तम मार्ग. अन्यथा ट्रेलर निवडावा, शक्यतो बंद कंटेनरचा. उघड्या दुमजली ट्रेलरमध्ये खालच्या मजल्यावरच्या गाडीवर वरच्या गाडीचे तेल ठिबकू शकते, म्हणून वरची जागा मागून घ्यावी.

वाहतूकदाराशी बोलताना बिल्टीवर, म्हणजे तो मालासाठी देतो त्या पावतीवर, लक्ष ठेवावे. रस्तेमार्गे मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर (म्हणजे जास्त जबाबदारी घेण्यासाठीचे वाढीव भाडे) ठरवून घेतला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. समजा भाडे १५,००० रुपये असेल, तर ती मर्यादा दीड लाखाची झाली. गाडी मात्र १२ लाखांची असते. म्हणून गाडीचे पूर्ण मूल्य बिल्टीवर लिहून घ्यावे, जादा जोखमीचा दर विचारावा आणि परवडत असल्यास भरावा. सगळे भाडे आगाऊ देऊ नये, काही भाग गाडी उतरवून तपासल्यानंतरच द्यावा. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणारा ऑनलाइन कागद, डीलरने काढावे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे या अंतरासाठी पाच दिवस. ट्रेलर वाटेत रेंगाळला तर ती वाढवण्याची जबाबदारी कोणाची, हेही विचारून ठेवावे.

चढवण्यापूर्वी डीलरच्या आवारातच गाडीचे चारही बाजूंनी, छताचे आणि रिम्सचे फोटो तारीख-वेळेसह काढायला लावावेत. पट्टे चाकांवरून बांधावेत, गाडीच्या खालच्या भागाला हूक लावू देऊ नये. टाकीत थोडेच इंधन असावे, डिकीत सामान नसावे आणि दुसरी किल्ली कुरियरने स्वतंत्रपणे मागवावी.

गाडी पोहोचल्यावर घाईने सही करू नये. ट्रेलर बहुधा रात्री येतो आणि चालकाला पुढच्या ठिकाणी जायचे असते, तरी टॉर्च घेऊन बंपरचा खालचा भाग, दारांच्या कडा आणि रिम्स पाहाव्यात, ओडोमीटरचा आकडा जुळवावा. काही आढळल्यास ते पोच पावतीवर लिहूनच सही करावी, त्याच ठिकाणी फोटो काढावेत आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. वाहतूकदारावर दावा करायचा असेल तर मालाच्या बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जाणे आवश्यक आहे.

त्यानंतर फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र), विमा, बिल, तात्पुरते प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन आपल्या आरटीओत कायम नोंदणीचा अर्ज करावा. निरीक्षणासाठी गाडी न्यावी लागेल का, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंगळूरूचा डीलर पाठवणार की पुण्यातला बसवणार, या दोन गोष्टी गाडी वाटेत असतानाच विचारून ठेवाव्यात. कायमचा क्रमांक मिळाल्यावर तो विमा पॉलिसीत आणि फास्टॅगवर नोंदवून घ्यावा, आणि त्या नोंदींची पोच हाती येईपर्यंत बंगळूरूच्या डीलरचा दूरध्वनी क्रमांक जपून ठेवावा.