लाजाळूच्या पानावर चेतनाक्षमता कशी पाहावी

बाहेरच्या उद्दीपनाला प्रतिसाद देण्याची क्षमता, म्हणजेच चेतनाक्षमता, सर्वच सजीवांत असते; मात्र ती हातात घड्याळ घेऊन पाहायची असेल, तर लाजाळूइतके सोयीचे रोप क्वचितच मिळेल. कोकणात ते वाटेच्या कडेलाही उगवते, जरी ते मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले असले.

प्रयोग सकाळच्या उन्हात करावा, कारण तिन्हीसांजेला पाने आपणहून मिटतात. कुंडी जागेवर ठेवल्यानंतर निदान अर्धा तास तिला हात लावू नये. उचलताना बसलेल्या हिसक्यानेच पाने मिटतात आणि पुष्कळांचा प्रयोग इथेच फसतो.

आता केरसुणीच्या काडीने टोकाची एकच पर्णिका (संयुक्त पानातले एक छोटे पान) हळूच स्पर्शावी. तिची जोडी मिटते, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची, आणि ही लाट किती जोड्यांपर्यंत पोहोचली ते मोजून ठेवावे. दुसऱ्या पानाला खालून स्पर्श केला, तरी पर्णिका वरच्याच बाजूला मिटतात. म्हणजे उजेडाकडे झुकणाऱ्या रोपात ठरते तशी इथे उद्दीपनाच्या दिशेवरून हालचालीची दिशा ठरत नाही. हे सारे स्नायूंविना घडते. पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) बाहेर पडले, की पाठोपाठ पाणीही जाते आणि ती बाजू सैल पडते. पाने पुन्हा उघडायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा.

एकाच जागी काही सेकंदांच्या अंतराने पाण्याचे थेंब पाडत राहिल्यास पान मिटेनासे होऊ शकते. तसे झाले, तर ते केवळ थकले आहे असे लगेच समजू नये. काडी लावून पाहावी. मिटले, तर थेंबाची त्याला सवय झाली होती. वनस्पतींच्या वर्तनाच्या अभ्यासक मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुंड्या वारंवार थोड्या उंचीवरून पाडून हेच तपासले होते. त्या सवयीला ‘स्मृती’ म्हणावे का, हा वाद वेगळा.

पेटत्या उदबत्तीचे टोक पर्णिकेला निमिषभर लावण्याची पायरी मुद्दाम शेवटी ठेवावी. यात विद्युत संदेश दूरवर जातो (जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूतील असे संदेश स्वतः बनवलेल्या उपकरणांनी नोंदवले होते), सबंध देठ बुडापासून खाली झुकतो, शेजारची पानेही मिटू शकतात, आणि त्या दिवशी त्या रोपावर दुसरे काही मोजता येत नाही.